गुत्ता कोणाचा, गाव कोणाचे? नगर जिल्ह्यातील सामुदायिक मालकीची गोष्ट (थ्रेड)

१/ इंग्लंडच्या उत्तरेस कम्ब्रिया परगण्यात हेस्केट न्यूमार्केट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ साली गावकऱ्यांनी आणि त्याच्या चाहत्यांनी सहकारी संस्था स्थापून विकत घेतला. शंभराहून अधिक सभासदांनी त्यासाठी भाग घेतले. ब्रिटनमधील सहकारी मालकीचा पहिला पब म्हणून तो ओळखला जातो. २०१० साली यॉर्कशायरमधील हडस्वेल गावानेही आपला बंद पडलेला पब असाच सोडवून घेतला आणि त्याच छताखाली छोटे ग्रंथालय व दुकान थाटले.

२/ या गावांना केवळ मद्य हवे होते असे नाही. शाळा, दुकान, टपाल कचेरी एकेक करून बंद होत असताना चार माणसांनी एकत्र बसण्याची शेवटची जागा त्यांना राखायची होती. त्यासाठी कोणी पैसा दिला, तर कोणी फावला वेळ. आता प्रश्न असा की, असा प्रयोग आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात कधी झाला का? झाला, पण दारूच्या बाबतीत तो नेमका उलट्या दिशेने झाला. त्याची ही कथा.

३/ आरंभ एका शब्दापासून करू. दारूच्या अड्ड्याला आपण ‘गुत्ता’ म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ दारू नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता, कंत्राट. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देई, म्हणून ते ठिकाणच गुत्ता झाले. इंग्रजी ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे, म्हणजे लोकांसाठी उघड्या घराचे लघुरूप आहे. आपल्या शब्दात लोक नाहीत. त्यात मक्तेदार आहे.

४/ हा मक्ता पक्का केला तो इंग्रजी राजवटीने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विक्रीवर सरकारचे कडक नियंत्रण आले. मोहाची दारू घरी गाळणारा आदिवासी त्यामुळे गुन्हेगार ठरला, आणि ठेकेदाराच्या दुकानातून तीच विकत घेणारा ग्राहक. महसुलाचा ओघ तिजोरीकडे, नफा ठेकेदाराकडे, आणि कर्जबाजारीपणा तेवढा गावाकडे, अशी ही वाटणी होती. १९०८ साली लोकमान्य टिळकांनी पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने उभी केली, त्यामागे ही आर्थिक बाजूही होती.

५/ कर्ज ही नगरची जुनी जखम. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो लगोलग नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः एका वस्तूवर होता: कर्जरोखे. ते हिसकावून जाळण्यात आले. परंतु कागद जाळल्याने पतीचा प्रश्न सुटत नाही. पुढच्या पेरणीला पैसा कोठून आणायचा, हे कोडे तसेच उरले.

६/ त्याचे एक उत्तर १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यातून आले. कल्पना जुनीच होती. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी पैसे साठवून स्वतःचे दुकान उघडले होते: लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या. नियम साधा. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. नगर जिल्ह्यात १९२३ साली लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी पतपेढी स्थापन केली. ज्या जिल्ह्यात रोखे जळाले, तेथे शेतकरी आता एकमेकांचे जामीन होऊ लागले.

७/ त्याच सुमारास प्रवराकाठ बदलत होता. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्याला पाणी आले, ऊस उभा राहिला. १९३२ साली साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळताच खासगी कारखाने वाढले. पाणी सरकारचे, कारखाना भांडवलदाराचा. शेतकऱ्याने मात्र गुळाच्या पडत्या भावाला तोंड द्यावे किंवा जमीन कारखान्याला खंडाने द्यावी, अशी अवस्था झाली. मक्तेदार येथेही होताच, फक्त माल निराळा होता.

८/ १९४५ च्या अखेरीस बेलापूर रोड (आजचे श्रीरामपूर) येथे कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक डॉ. धनंजयराव गाडगीळ. उसाच्या मालकांनीच कारखान्याचे मालक व्हावे, हा विचार तेथे बळावला. विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवले. गाडगीळ अध्यक्ष व विखे उपाध्यक्ष अशी जोडी जमली. १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळच्या माळावर, आजच्या प्रवरानगरात, उसाचे गाळप सुरू झाले.

९/ येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. प्रवरेला सर्रास ‘आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना’ म्हटले जाते. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ सालीच असा प्रयत्न झाला होता. प्रवरेचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. ज्याचे अनुकरण पुढे महाराष्ट्रभर झाले, तो नमुना येथेच घडला. इतिहासप्रेमींनी ‘पहिला’ या शब्दापेक्षा ‘टिकला’ या शब्दाला अधिक किंमत द्यावी.

१०/ आता एक योगायोग पाहा. १९४६ ते १९५२ या काळात बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थ व सहकार खाते सांभाळत होते. सहकारी कारखान्यामागे ते खंबीरपणे उभे राहिले. त्याच मंत्रिमंडळात गृहमंत्री मोरारजी देसाई होते आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा याच सरकारचा. एका हाताने सहकार वाढवायचा, दुसऱ्या हाताने दारू थांबवायची. अबकारी उत्पन्न बुडाले तर तिजोरीची चिंता पुन्हा मेहतांनाच.

११/ सहकार रुजला. दारूबंदी रुजली नाही. कायद्याने दुकान बंद झाले आणि हातभट्टी पेटली. साठच्या दशकात बंदी सैल करण्यात आली. आजही महाराष्ट्रातील दारूचे परवाने कायद्याने पाहता दारूबंदीच्याच कायद्याखाली दिले जातात! दुसरा विरोधाभास असा की, साखरेच्या मळीपासून मद्यार्क तयार होतो. कारखान्यांच्या जोडीला आसवनी आल्या आणि सामुदायिक मालकीची वाट फिरून मद्याच्या दारापर्यंत पोचली, मात्र गावाच्या बैठकीपर्यंत नव्हे.

१२/ बैठकीची गोष्ट घडली ती पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत. कर्जरोखे जळाले त्याच तालुक्यात. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन परतले, तेव्हा गाव अवर्षणाने पोळलेले होते आणि अनेकांच्या चुली हातभट्टीच्या आधारावर पेटत होत्या. त्यांनी आरंभ भट्टीपासून केला नाही. भविष्य निर्वाह निधीचे पैसे त्यांनी मोडकळीस आलेल्या यादवबाबांच्या देवळाच्या दुरुस्तीस लावले. गावकरी हातभार लावू लागले. गावाला बसायला जागा मिळाली.

१३/ हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी सामायिक जागा, मग त्या जागेत सामायिक निर्णय. दारू गाळणे बंद करण्याचा ठराव देवळात झाला. पण भट्टी विझली तरी पोट विझत नाही. पर्यायी मिळकत हवी. म्हणून पाणलोटाची कामे, बांध, पाझर तलाव, झाडे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री येथूनच प्रसिद्धीस आली. पाणी मुरले, पीक वाढले, तेव्हाच दारूबंदीला पाय फुटले.

१४/ गावाने धान्य बँकही चालवली. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावे, ज्याला गरज आहे त्याने न्यावे आणि सुगीनंतर थोडी भर घालून परत करावे. दलित कुटुंबांचे कर्ज फिटावे म्हणून गावाने त्यांच्या शेतात श्रमदान केले. हडस्वेलचा स्वयंसेवक आणि राळेगणचा श्रमदाता एकाच जातीचे भांडवल घालतात: स्वतःचे तास. वहीत त्याची नोंद रुपयांत होत नाही, म्हणून ते भांडवल नाही असे समजू नये.

१५/ मात्र चित्राची दुसरी बाजू झाकणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. समजावूनही न ऐकणाऱ्या मद्यपींना राळेगणमध्ये खांबाला बांधून मारले जाई. हजारे यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. आईच्या मायेने केलेली शिक्षा असे तिचे समर्थनही झाले आहे. टीकाकार विचारतात: हा गावाचा निर्णय की एका व्यक्तीच्या नैतिक धाकाचा? ज्याला मार पडला, त्याला त्या ठरावात मत होते का?

१६/ हाच प्रश्न प्रवराकाठच्या सहकारालाही लागू आहे. कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा जमीनधारक. पाथर्डीहून, बीडहून कोयता घेऊन येणारा ऊसतोड कामगार त्याच उसावर राबतो, पण वार्षिक सभेत त्याला खुर्ची नाही. सहकारी संस्थेत माणूस स्वेच्छेने येतो आणि भाग परत करून जाऊ शकतो. पण प्रवेशाचे दार जमिनीच्या उताऱ्यावर उघडते. गावात प्रत्येक जण जन्मानेच सभासद. पण न पटल्यास बाहेर पडण्याचे दारच नाही.

१७/ पुढचा टप्पा या अडचणीवर उपाय शोधतो. नगरजवळच्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या काळात राळेगणची सूत्रे उचलली. त्यांत भर घातली ती पाण्याच्या ताळेबंदाची. यंदा किती पाणी मुरले, त्यावर कोणती पिके घ्यायची, हे ग्रामसभेत आकडे मांडून ठरते. धाकाची जागा हिशेबाने घेतली. दारूच्या बाबतीत राज्याच्या नियमांनी महिलांना मतदानाचा अधिकार दिला: ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान चालू, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद. खांबाऐवजी मतपेटी आली.

१८/ तर मूळ प्रश्नाकडे येऊ. नगर जिल्ह्यात गावाने स्वतःचा गुत्ता काढला नाही, कारण गुत्ता कधी गावाचा नव्हताच. तो मक्तेदाराचा होता. हेस्केट न्यूमार्केटला आपली बैठक वाचवण्यासाठी पब विकत घ्यावा लागला. राळेगणला आपली बैठक मिळवण्यासाठी भट्टी विझवावी लागली. दिशा उलट, गरज एकच.

१९/ रॉचडेलचे दुकान असो, लोणीची पतपेढी असो वा यादवबाबांचे देऊळ, ‘आमचे’ हा शब्द खरा ठरतो तो दोन कसोट्यांवर. काम करणाऱ्या प्रत्येकाला तेथे मत आहे का? आणि ज्याला ‘नाही’ म्हणायचे आहे, त्याला ते निर्भयपणे म्हणता येते का? आपल्या गावातील सोसायटी, दूध संस्था, तालीम किंवा पार या दोन प्रश्नांनी एकदा तपासून पाहावा. सोसायटीचे जुने इतिवृत्त मागावे, पहिल्या सभासदांची यादी वाचावी. त्या यादीत कोण आहे, हे महत्त्वाचे. कोण नाही, हे त्याहून महत्त्वाचे.