पन्नास पैशांची गोष्ट

कांजूरमार्ग स्थानकातून पूर्वेला निघाले की द्रुतगती मार्गापलीकडे मिठागरे आणि त्यांच्याही पलीकडे ठाण्याची खाडी. परवा ओहोटीच्या वेळी तिकडे गेलो होतो. तिवरांच्या मुळ्यांना भरतीने आणलेल्या पातळ पिशव्या लोंबत होत्या. बाटली मात्र क्वचितच दिसली. असे का असावे?

मला आमच्या लहानपणची आरेची काचेची बाटली आठवली. पहाटे केंद्रावर रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. ती फुटली, की आई दुधापेक्षा बाटलीसाठीच अधिक हळहळे! तिला किंमत होती. म्हणून ती कधी खाडीत गेली नाही.

पुढे प्लॅस्टिक आले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांनी आमचे डोळे उघडले. बांगलादेशाने पुराचा हाच धडा घेऊन २००२ मध्येच पातळ पिशव्या बंद केल्या होत्या. महाराष्ट्राने २००६ मध्ये ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्याच बंद केल्या. पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. जगाचा करार मात्र २०२४ मध्ये बुसानला आणि २०२५ मध्ये जिनिव्हाला, दोन्हीकडे अडला.

२०१८ च्या त्याच अधिसूचनेत एक शहाणपणाचे कलम होते : दुधाची रिकामी पिशवी परत केली, की पन्नास पैसे. म्हणजे आमच्या बाटलीचाच न्याय! मी मोठ्या हौसेने पिशव्या धुऊन साठवल्या. दुकानदार हसला. ते पन्नास पैसे मला अजून मिळायचे आहेत.

पाण्याची बाटली भंगारात विकली जाते, म्हणून कचरावेचक ती उचलतो. पातळ पिशवीला कोण विचारतो? दंडाची भीती चार दिवसांची. पैशाची ओढ रोजची. गरीब देशांना समुद्र राखायचा असेल, तर कचऱ्याला किंमत आणि तो वेचणाऱ्या हातांना मोल द्यावे लागेल.

२०२२ पासून ही खाडी रामसर यादीत आहे. रोहित येतात, कोळी जाळी टाकतात. जाळ्यात मासळी यावी, पिशवी नव्हे, एवढीच त्यांची मागणी.

असो. यंदा दिवाळीच्या बाजाराला आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी घेऊन गेलो. नात म्हणाली, “आजोबा, ही कुठून विकत आणली?” मी म्हटले, “बाळ, ही विकत मिळत नाही. शिवावी लागते.”