बदलता न येणारी तार

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय एक तार आहे. बोटाएवढी लांब, केसापेक्षा थोडी जाड आणि पाच-सहा वेढे घातलेली. डिस्पोजेबल व्हेप, म्हणजे 'वापरा आणि फेका' जातीची इलेक्ट्रॉनिक सिगारेट उघडली, तर तिच्या पोटात ही तार सापडते. काहींमध्ये तारेऐवजी बारीक जाळी असते, काम मात्र तेच. इंग्लंड-अमेरिकेत काही लोक हे फेकायचं उपकरण उघडतात, जळकी तार काढतात, घरीच नवी तार वळून बसवतात आणि तेच उपकरण पुन्हा चालवतात. हे कसं करायचं ते सांगायला आपण इथे जमलेलो नाही. आम्ही धूम्रपानाचे मित्र नाही, आणि या उपकरणाचे तर मुळीच नाही. पण जी वस्तू फेकण्यासाठीच केली आहे ती कुणी दुरुस्त करू पाहतो, तेव्हा 'फेकण्याची वस्तू' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न उघडा पडतो. त्याचं उत्तर शोधायचं तर गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्या देवघरातली समई डोळ्यांसमोर आणा. तेल, तेल वर ओढणारी कापसाची वात आणि टोकाला ज्योत. व्हेपमध्ये तेलाच्या जागी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फळाफुलांचे वास असतात. वात कापसाचीच. ज्योतीच्या जागी मात्र ही तापणारी तार, म्हणजे कॉइल. ओढणाऱ्यानं श्वास ओढला की एक छोटा सेन्सर तो ओळखतो, बॅटरीतून वीज सुटते, तार तापते आणि वातीतल्या द्रवाची वाफ होते. बस्स, एवढंच यंत्र.

यात आधी मरतं काय? द्रव संपतो. द्रव संपला की वात कोरडी पडते, करपते, आणि तारेवर साखरेच्या पाकाची खरवड धरावी तसा काळा थर बसतो. बॅटरी मात्र ठणठणीत असते. २०२३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी अशा फेकलेल्या व्हेपमधल्या बॅटऱ्या काढून पुन्हा पुन्हा चार्ज करून पाहिल्या. त्या चारशेहून अधिक वेळा चार्ज होऊ शकल्या. म्हणजे ज्या वस्तूला आपण 'एकदाची' म्हणतो, तिचा सगळ्यात महागडा भाग शेकडो वेळा चालण्याच्या लायकीचा आहे. एकदाची आहे ती वात आणि तार. दोन्ही मिळून काही पैशांचा ऐवज!

आता या तारेची कुळकथा. विजेनं तार तापते हे एकोणिसाव्या शतकात सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण वेगळी होती. लोखंडाची तार लाल झाली की हवेतल्या ऑक्सिजननं गंजून तुटायची. प्लॅटिनमची टिकायची, पण ती परवडणार कुणाला? १९०६ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांना एका मिश्रधातूचं पेटंट मिळालं. सुमारे ऐंशी टक्के निकेल, वीस टक्के क्रोमियम. यालाच पुढे नायक्रोम म्हणू लागले. त्यातली खुबी अशी की तापल्यावर तारेच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर येतो आणि तोच आतल्या धातूला पुढच्या गंजण्यापासून वाचवतो. गंजच कवच होतो. टोस्टर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, विजेची शेगडी ही सगळी या एका तारेची लेकरं. १९३१ मध्ये स्वीडनच्या हालस्टाहामर गावी हान्स फॉन कांट्सॉव्ह यांनी कांथाल ही कंपनी उभी केली. तिच्या तारेत लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम होतं. निकेल नसल्यामुळे ती स्वस्त, आणि नायक्रोमपेक्षाही जास्त तापमान सोसणारी.

तुमच्यापैकी ज्यांनी चिनीमातीच्या थाळीत नागमोडी कॉइल बसवलेली शेगडी वापरली असेल, त्यांना आठवेल की ती कॉइल तुटली तर शेगडी कुणी टाकून देत नसे. दोन टोकं ओढून एकमेकांत पिळायची, नाहीतर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवी कॉइल आणायची. मार्श यांची तार जगात आली ती बदलता येणारी वस्तू म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं पहिलं ठळक पेटंट १९६५ चं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांचं. त्यात तंबाखू नव्हती, निकोटीनही नव्हतं. गरम, ओलसर, सुवासिक हवा ओढायची, एवढीच कल्पना. गिल्बर्ट हे भंगार मालाच्या धंद्यातले. त्यांच्या कल्पनेतून पुढे जगभर केवढं भंगार निघणार आहे हे त्यांना कुठून कळावं! त्या वेळी कुणी ती वस्तू बाजारात आणली नाही. ती खऱ्या अर्थानं आली ती चीनमधून. होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञानं २००३ च्या सुमारास आजच्या व्हेपचा पूर्वज तयार केला. त्यात द्रवाचे तुषार करायला तापती तार नव्हे, तर अल्ट्रासाउंडची कंपनं वापरली होती. तार नंतर आली आणि जिंकली, कारण ती स्वस्त होती.

इथून पुढचं दशक फार गमतीचं आहे. सुरुवातीची उपकरणं कुचकामी होती, बॅटरी तासाभरात मान टाकायची. तेव्हा अमेरिका, इंग्लंड, ग्रीस, फिलिपिन्स अशा ठिकाणच्या हौशी लोकांनी ती स्वतःच सुधारायला घेतली. टॉर्चच्या नळ्या आणि लॅपटॉपमधल्या बॅटऱ्या कामाला आल्या. साधारण २०१० नंतर 'रीबिल्डेबल' नावाची जात आली. तिच्यात कंपनी कॉइल देतच नसे; दोन खांब आणि दोन स्क्रू देई, तार तुमची तुम्ही वळायची. लोक स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर कांथालची तार गुंडाळत, मल्टिमीटरनं रोध मोजत, कापसाची वात वळून आत सारत. दहावीत ज्यांना ओहमचा नियम कडू वाटला होता, ते हिशेब करू लागले: ३.७ व्होल्टची बॅटरी, १.२ ओहमची तार, म्हणजे तीन अँपिअर वीज आणि अकरा वॉटच्या आसपास उष्णता. वस्तू निकोटीनची, म्हणजे व्यसनाचीच होती, हे विसरू नका. पण वापरणारा तिच्या पोटात काय आहे ते जाणत होता.

मग कॉइल हळूहळू हातातून निसटत गेली. प्रथम ती एका लहान धातूच्या डबीत बंद झाली. डबी बदलायची, तार नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल आलं, तेव्हा कॉइल, वात आणि द्रव असं सगळं एका प्लास्टिकच्या पॉडमध्ये गेलं. पॉड फेकायचा, बॅटरी ठेवायची. आणि शेवटी बॅटरीही त्याच कवचात गेली. झालं डिस्पोजेबल.

सहसा असं म्हटलं जातं की हा सगळा नफेखोरीचा खेळ. तो आहेच. जिलेट यांच्या पात्यांपासून हा धंदा जगाला माहीत आहे. पण आमच्या मते एवढ्यावर थांबणं हा आळस आहे, कारण या कथेत कायद्यानं केलेलं काम धंद्याइतकंच मोठं आहे.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१६ मध्ये व्हेप आणि त्याचे सुटे भाग 'तंबाखू उत्पादन' या सदरात घेतले. हेतू योग्य होता, मुलं वाचवण्याचा. पण त्याचा एक परिणाम असा की ग्राहकाच्या उपकरणात वेगळ्या मापाची कॉइल बसवून देणारा दुकानदार कायद्याच्या नजरेत दुरुस्ती करणारा राहिला नाही, तो उत्पादक ठरू लागला. मग जानेवारी २०२० मध्ये त्याच प्रशासनानं गोड वासांच्या पॉडवर आणि काडतुसांवर कारवाईचं धोरण जाहीर केलं. डिस्पोजेबल त्यातून सुटलं! त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पाहणीत माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतल्या व्हेप ओढणाऱ्या मुलांपैकी २६.५ टक्के डिस्पोजेबल वापरत होती. आदल्या वर्षी तो आकडा २.४ टक्के होता. पाणी अडवलं, पण मोरी उघडी ठेवली.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो, क्षमा करा. आपल्या न्याय-वैशेषिकांनी एक प्रश्न फार बारकाईनं घेतला आहे. वस्त्रातला एक तंतू काढला, तर उरतं ते तेच वस्त्र का? ते म्हणतात, नाही. तंतू हे वस्त्राचं समवायी कारण. तंतू गेला की जुनं वस्त्र नष्ट झालं आणि उरलेल्या तंतूंतून नवं 'खंडपट' जन्माला आलं. व्यवहारात हे ऐकून लोक हसतात. शर्टाचा दोरा निघाला म्हणून कुणी नवा शर्ट मिळाल्याचे पेढे वाटत नाही. पण २०१६ चा अमेरिकन नियम पाहा. कॉइल बदलली, वस्तू नवी झाली, बसवणारा निर्माता झाला. वॉशिंग्टनमध्ये नकळत नैयायिक बसले होते.

ब्रिटननं नेमकी उलटी वाट धरली. तिथे मटेरियल फोकस या संस्थेनं २०२३ मध्ये अंदाज मांडला की दर आठवड्याला जवळपास पन्नास लाख डिस्पोजेबल व्हेप फेकले जातात. प्रत्येकात लिथियमची बॅटरी. कचऱ्याच्या गाडीत ती चिरडली की पेट घेते. म्हणून १ जून २०२५ पासून एकदा वापरायच्या व्हेपची विक्री तिथे बंद झाली. आता 'एकदा वापरायची' याची व्याख्या करणं भाग होतं. नियम सांगतो की उपकरण चार्ज करता आलं पाहिजे आणि पुन्हा भरताही आलं पाहिजे. आणि पुढे खरी मेख आहे: ज्याची कॉइल वापरणाऱ्यानं बदलावी अशी योजना नाही, ते उपकरण चार्ज करण्याजोगं धरलं जाणार नाही, मग त्याला चार्जिंगची खाच असो वा नसो. म्हणजे वस्तू टिकाऊ की फेकाऊ, हे बॅटरीवरून नाही, त्या बोटभर तारेवरून ठरणार. नैयायिकांचा तंतू बदलल्यावर वस्त्र मरतं; ब्रिटिश कायद्यात तंतू बदलता येतो म्हणूनच वस्त्र जिवंत.

आम्हाला हा दुसरा विचार अधिक पटतो. पण त्यावरून घरी कॉइल बांधणारा थोर ठरत नाही. डिस्पोजेबलच्या आतलं सर्किट एका ठरावीक रोधासाठी बेतलेलं असतं. चुकीच्या मापाची तार बसली, वेढे एकमेकांना किंवा धातूच्या कडेला टेकले, तर पोसलेली लिथियम बॅटरी खिशात भडकू शकते. ज्या हौशी लोकांचं आपण मघाशी कौतुक केलं, त्यांच्या उपकरणात तार धरायला स्क्रू होते, मोजायला जागा होती. इथे सगळं चिकटवलेलं, दाबून बसवलेलं. शिवाय शेगडीच्या तारेवर आपण चहा करतो, तिची वाफ फुप्फुसात ओढत नाही. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना व्हेपच्या वाफेत निकेल, क्रोमियम आणि शिसं सापडलं, आणि ते द्रवात नंतर मिसळलं ते तापत्या कॉइलच्या सान्निध्यात. मार्श यांच्या तारेचं कवच टोस्टरपुरतं पुरेसं होतं, श्वासासाठी ते केलेलंच नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न वरवर सुटलेला दिसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर भारतात बंदी आहे. साठवण सोडून बाकीच्या बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोरून येणारा माल मात्र साहजिकच फेकाऊ जातीचा असतो, कारण जी वस्तू उघड विकता येत नाही तिचे सुटे भाग कोण विकेल? आणि तो माल शेवटी जातो आपल्याच ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात, तिथल्या हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्या माणसाच्या हाती.

ब्रिटनमध्ये बंदीनंतर बाजारात काय आलं, तेही सांगून ठेवतो. जुन्याच नावाचं, जुन्याच रंगाचं, जवळपास जुन्याच किमतीचं उपकरण. खाली चार्जिंगची खाच, वर बदलता येणारा पॉड. पॉड भरलेलाच मिळतो, कॉइल त्याच्या आत आहे, आणि पॉड संपला की तो फेकायचा आहे. वेळ झाली आहे, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.