गांजा, वेड आणि विचारपूस

इ. स. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे, वेडाचे कारण म्हणून, गांजा, चरस किंवा भांग यांची नोंद होती. पुढच्याच वर्षी या पदार्थांच्या चौकशीसाठी सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सात सभासदांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर केला. त्या काळी आपला वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा व कारभाराने इंग्रजांचा होता, आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि गांजा परवान्याच्या दुकानात उघडपणे विकत मिळे.

आयोगाने त्या २२२ प्रकरणांची एकेक करून छाननी केली. त्यांपैकी केवळ ९८ ठिकाणी गांजाभांगेचा संबंध मानता येईल असे आढळले. त्यांतही फक्त याच पदार्थांकडे बोट दाखवता येईल अशी प्रकरणे ६१ होती. मग उरलेल्यांच्या नोंदी आल्या कोठून? रस्त्यावर सापडलेल्या भ्रमिष्टाला इस्पितळात पाठविताना कारणाचा रकाना बहुधा पोलीसच भरीत. नातेवाईक सापडत नसत, रोग्याला कोणी विचारीत नसे, आणि रकाना तर रिकामा ठेवता येत नसे. 'गांजा' हा शब्द तेथे सोयीचा होता.

याचा अर्थ गांजा निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. अतिसेवन घातक आहे, असे त्याच आयोगाने स्पष्ट म्हटले आहे. आणि कोवळ्या वयात सुरू झालेले, रोजचे, जहाल गांजाचे सेवन मनोविकाराचा धोका वाढविते, हे आज वैद्यकशास्त्राला चांगलेच ठाऊक आहे. मला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या रकान्याकडे. माणसाला न विचारताच त्याच्याविषयीचा निकाल लिहून मोकळे होण्याची ती सवय आपल्या घराघरांतून अजून गेलेली नाही.

काही दिवसांपूर्वी गावातील एक वडील मजजवळ येऊन बसले. मुलगा विशीचा, संगत बिघडलेली. म्हणाले, "गुरुजी, मारून पायलं, कोंडून पायलं, त्याच्या आईनं कसम घातली. काई फरक नाई." मी विचारले, "तो कशासाठी ओढतो, हे त्याला कधी विचारलंत का?" ते माझ्याकडे पाहातच राहिले. असला प्रश्न म्हणजे मुलाला मोकळीक देणे, असे त्यांना वाटले असावे.

वस्तुतः हा प्रश्न फार जुना आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहात असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरील ग्रंथात भांगेवर एक प्रकरण आहे. त्याचे नोकर त्याच्या नकळत भांग घेत. त्यांचे म्हणणे त्याने लिहून ठेवले आहे : तिने कामाचा शीण जाणवत नाही, मन आनंदी होते, खाण्याची वासना होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा आपण भांग खाऊन रात्री बसल्या जागी पोर्तुगाल, तुर्कस्थान, अरबस्तान हिंडून येतो असे सांगे, हेही त्याने नोंदविले आहे. सुलतानाला सफर हवी होती आणि नोकराला शीण विसरावयाचा होता. पदार्थ एकच, पण गरजा दोन; मग दोघांवर उपाय तरी एकच कसा चालेल?

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट याहूनही जुनी आहे. रय् व बगदाद येथील इस्पितळांचे प्रमुख अबू बक्र अल्-राझी (मृत्यू सुमारे ९२५) यांनी 'अत्-तिब्बुर्रूहानी' हा वीस प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्यात नशेवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण मला अधिक मोलाचे वाटते ते चौथे प्रकरण. माणसाचे स्वतःवर प्रेम असते, म्हणून त्याला आपले दोष दिसत नाहीत. तेव्हा त्याने एखाद्या समंजस सोबत्याला ते सांगण्याची स्वतःहून विनंती करावी, आणि ऐकताना राग मानू नये, असे राझी म्हणतात. दोष सांगणारा बोलावलेला असावा, लादलेला नव्हे. त्यांचेच समकालीन अबू झैद अल्-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर व मन या दोहोंच्या स्वास्थ्यावर एकत्र ग्रंथ रचला. अचानक आजार आला तर घरी औषध असावे, तसे मन शांत असताना चांगले विचार तयार ठेवावेत, हा त्यांचा सल्ला.

आधुनिक मानसशास्त्र बऱ्याच वळणाने याच ठिकाणी आले. १९८३ साली अमेरिकेतील विल्यम मिलर यांनी व्यसनी माणसाशी बोलण्याची एक रीत मांडली. तीत समुपदेशक वाद घालत नाही. गांजाने काय मिळते हे तो आधी विचारतो, मग काय गेले हे विचारतो. 'सोडण्याची इच्छा दहापैकी किती?' याला 'तीन' असे उत्तर आले, तर 'इतकी कमी का?' असे न म्हणता 'शून्य का नाही?' असे तो विचारतो. मग सोडण्याची कारणे मुलगा स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो. आपण उपदेश केला की तो ओढण्याचीच बाजू मांडतो, हा अनुभव कोणत्या बापाला नाही?

या रीतीची कसोटीही झाली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तीन शहरांच्या अभ्यासात गांजाच्या आहारी गेलेले ४५० प्रौढ होते. काहींना नऊ बैठका दिल्या : आधी इच्छा जागविणे, मग मित्राने पुढे केलेली चिलीम नाकारणे, तलफ कोणत्या वेळी येते ते ओळखणे, इत्यादी. काहींना दोनच बैठका मिळाल्या, तर काहींना थांबविले गेले. चार महिन्यांनी पूर्ण सोडलेले अनुक्रमे सुमारे २३, ९ व ४ टक्के निघाले. आकडे मोठे नाहीत, हे मान्य. पण गांजाचे व्यसन सोडविणारे मान्यताप्राप्त औषध आजही नाही. बोलणे हाच मुख्य उपचार आहे.

महाराष्ट्रात या कामाला मोठी चालना मिळाली ती २९ ऑगस्ट १९८६ रोजी. त्या दिवशी पुण्यात डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने, 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर आलेले लोकच नव्यांना सांभाळतात, आणि व्यसनी पतींच्या पत्नींचा 'सहचरी' हा वेगळा गट आहे. घरातल्यांनाही शिकावे लागते, हे तेथे ओळखले गेले.

पालकांना सर्वांत मोठे भय पोलिसांचे वाटते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजा बाळगणे व ओढणे गुन्हा आहेच. परंतु अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचारास गेला व ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत गांजाभांगेपायी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक आढळले.

ते वडील आठवड्याने पुन्हा आले. त्यांनी विचारले होते. मुलगा म्हणाला, "अब्बा, सोडलं की झोप येत नाही." गांजा सोडल्यावर पहिले आठवडा-दोन आठवडे झोप उडते, भूक मंदावते, चिडचीड होते, मग ओसरते, हे मी त्यांना सांगितले. त्या दिवसांत त्याच्याजवळ कोणी बसावयाचे, याची आम्ही बोलणी केली, आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागात त्याला घेऊन जावे असे ठरले. ज्यांना इतक्या लांब जाणे जमत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. तो चोवीस तास चालतो, आणि मराठीतही बोलता येते.