अंकांची पट्टी आणि कारागिराचा हात

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आमच्या परिचयाचा एक तरुण कारागीर आहे. मूळचा बेळगावकडचा. लेथवर टर्नर म्हणून हात बसला आणि आता दुसऱ्याच्या शॉपमध्ये तो सी.एन.सी. यंत्र चालवितो. स्वतःचे लहानसे शॉप काढावे असे त्याच्या मनात आहे. गेल्या दिवाळीस तो आमच्याकडे फराळास आला, तो चार प्रश्न घेऊनच. कंट्रोलर फानुकचा घ्यावा की सीमेन्सचा? नवे यंत्र कर्ज काढून घ्यावे की जुने पाहावे? प्रोग्रॅम हाताने लिहावयास शिकण्यात आता अर्थ आहे का, की ते काम संगणकावरच सोपवावे? चौथा प्रश्न त्याने जरा ओशाळूनच विचारला. "काका, परवा दुसऱ्या एका यंत्रावर मी एक्स पन्नास लिहिले. पन्नास मिलिमीटर जायला हवे होते. पण टूल जागचे हललेसुद्धा दिसेना. चूक माझी की यंत्राची?"

आम्ही यंत्रविद्येचे जाणकार नव्हे, इतिहासाचे वाचक. तथापि या चारही प्रश्नांच्या मुळाशी एक जुना वाद आहे, आणि तो इतिहासाचाच विषय आहे. धातू कसा कापावा याचे ज्ञान कोठे राहावे, कारागिराच्या हातात की कचेरीतल्या कागदावर, असा तो वाद. त्या तरुणाला आम्ही जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

कथेचा आरंभ होतो तो अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि हेलिकॉप्टर हे नवे वाहन आकार घेत होते. त्याच्या पंख्याची पाती बनविण्याचे काम जॉन पार्सन्स यांच्या कारखान्याकडे होते. पात्याच्या आडव्या छेदाची रेषा मोठी नाजूक असते. ती थोडी चुकली तरी पात्याचा तोल बिघडतो. आराखड्यात त्या रेषेवरचे सतराच बिंदू दिलेले असत. उरलेली वळणे कारागिराने वक्रपट्टीच्या साहाय्याने आखावयाची, आणि त्या आखणीवरून साचा कापून कानशीने घासून काढावयाचा, असा प्रघात होता. दोन बिंदूंच्या मधली रेषा खरी किती आणि हाताच्या अंदाजाची किती, हे कोणासच सांगता येत नसे.

पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन हे अभियंते होते. पात्यावरील ताणाची गणिते सोडविण्यासाठी त्यांनी छिद्रित पत्रांवर चालणारी आय.बी.एम. कंपनीची हिशेबयंत्रे वापरावयास घेतली. तेव्हा पार्सन्स यांच्या मनात आले की, हीच यंत्रे त्या रेषेवरचे सतराऐवजी दोनशे बिंदू काढून देतील काय? यंत्रांनी ते दिले. मग कारखान्यात जो प्रकार घडला तो आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. एक माणूस हातात तक्ता घेऊन आकडे मोठ्याने वाची. दुसरा माणूस मिलिंग यंत्राचे एका दिशेचे चाक त्या आकड्यापर्यंत फिरवी, आणि तिसरा दुसऱ्या दिशेचे. दोघांचे आकडे जुळले की टूल एक घाव घाली. असे बिंदूमागून बिंदू. साचा इतका अचूक उतरला की, पुढे घासण्याचे काम अगदीच थोडे उरले.

अंकीय नियंत्रणाचे पहिले रूप हे असे होते. त्यात विजेचा मेंदू नव्हता. तीन माणसे होती. एक वाचणारा आणि दोन फिरविणारे. पुढच्या वर्षांत जे झाले ते एवढेच की, वाचणाऱ्याची जागा छिद्रित पट्टीने घेतली आणि फिरविणाऱ्यांची जागा मोटारींनी.

हे 'एवढेच' मात्र सोपे नव्हते. जेट विमानांच्या पंखांची आवरणे एकसंध धातूतून कोरून काढावयाची होती, आणि ते काम हाताने पुरे होणारे नव्हते. म्हणून अमेरिकी हवाई दलाने १९४९ साली पार्सन्स यांच्याशी करार केला. मोटारींच्या अचूक नियंत्रणाचा प्रश्न सोडविण्यासाठी पार्सन्स मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेकडे गेले. तेथल्या शास्त्रज्ञांस बिंदूबिंदूने कापणे पटेना. टूल एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत अखंड रेषेत गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आग्रह योग्यच होता. पण त्याबरोबर काम वाढले, खर्च वाढला, आणि अखेर प्रयोगशाळेने हवाई दलाशी थेट व्यवहार सुरू केला. ज्याच्या प्रश्नातून हे सारे निघाले तो कारखानदार बाजूस राहिला. सप्टेंबर १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीच्या एका उभ्या मिलिंग यंत्रावर हा प्रयोग जगापुढे आला. तीन दिशांची हालचाल छिद्रित पट्टीवरून होत होती. नियंत्रक म्हणजे निर्वात नळ्यांची भली मोठी कपाटे होती. पार्सन्स यांना पेटंट मिळाले ते जानेवारी १९५८ मध्ये, आणि १९८५ साली ते व स्ट्यूलेन या दोघांस अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले. श्रेय उशिरा मिळाले, पण मिळाले.

याच काळात एक दुसरी वाटही खुली होती, आणि तिचा विसर पडणे बरे नव्हे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने निराळी युक्ती योजिली होती. कुशल कारागिराने पहिला नग स्वतः कापावयाचा. त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जावयाच्या. आणि पुढचे सारे नग यंत्राने ती फीत वाजवून कापावयाचे. गवयाचे गाणे तबकडीवर घ्यावे तसा हा प्रकार. येथे ज्ञानाचा उगम कारागीरच राहतो. ही पद्धत मागे का पडली? अमेरिकी इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, व्यवस्थापकांस आणि सैन्यास कामाची सूत्रे कारागिराच्या हातून काढून कचेरीत आणावयाची होती, म्हणून त्यांनी अंकांची वाट पत्करली.

नोबल यांच्या म्हणण्यात तथ्य पुष्कळ आहे. परंतु ते सर्वस्वी मान्य करणे आम्हांस जड जाते. फितीवर नोंद व्हावी यासाठी हाताने एकदा तरी तो आकार कापता आला पाहिजे, आणि पंखांचे ते वक्र पृष्ठभाग हाताने कापणे दुरापास्त होते. शिवाय फितीची पद्धत स्वीकारल्याने कारागीर सुरक्षित राहिला असता, असेही नव्हे. कर्ट व्हॉनेगट हे कादंबरीकार याच जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरीस होते. त्यांच्या 'प्लेअर पियानो' या १९५२ सालच्या कादंबरीत रूडी हर्ट्झ नावाचा एक निष्णात लेथ-कारागीर आहे. त्याच्या हालचाली फितीवर घेतल्या जातात, आणि मग त्याचीच गरज उरत नाही. कौशल्य फितीवर उतरो की अंकांत, ते कोणाच्या ताब्यात राहते हाच खरा प्रश्न.

अंकांची वाट रुळली तरी एक अडचण पुढे ठाकली. पट्टीवरचे आकडे काढावयाचे कोणी? नग कापण्यास लागणाऱ्या वेळेहून आकडे काढण्यास लागणारा वेळ अधिक होऊ लागला. तेव्हा एम.आय.टी.मध्ये डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली 'ए.पी.टी.' ही भाषा तयार झाली. तीत आकार शब्दांनी सांगावयाचा आणि आकडे संगणकाने काढावयाचे. फेब्रुवारी १९५९ मध्ये तिची वार्ता वृत्तपत्रांस देताना प्रत्येक वार्ताहरास या भाषेच्या साहाय्याने कापलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र भेट दिले गेले. प्रोग्रॅम संगणकाकडून काढून घेण्याची जी सोय आमच्या तरुण मित्रास अगदी नवी वाटते, ती सहा दशकांहून जुनी आहे.

यंत्रापर्यंत पोहोचणारी भाषा मात्र निराळीच राहिली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० नंतरच्या दशकात तिचे प्रमाणीकरण आरंभिले. तिची प्रसिद्ध आवृत्ती १९८० ची. हीच कारागिरांची 'जी कोड'. जी शून्य म्हणजे न कापता वेगाने जा, जी एक म्हणजे कापत सरळ जा, जी दोन आणि तीन म्हणजे वर्तुळाच्या कमानीने जा. इतके सर्वत्र सारखे. पण प्रमाणभाषा एक आणि बोली अनेक, हे आपणां मराठी माणसांस वेगळे सांगावयास नको. सीमेन्सच्या यंत्रावर जी एकाहत्तर म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये घे; मूळ प्रमाणातही तोच अर्थ. फानुकच्या लेथवर तोच संकेत लिहिला, तर रफ कट मारण्याचे अख्खे चक्र सुरू होते, आणि मिलिमीटरसाठी तेथे जी एकवीस लिहावे लागते.

मित्राच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तरही याच जुन्या पट्टीत आहे. पट्टीवर दशांशचिन्ह लिहीत नसत. यंत्राच्या लहानात लहान पावलांची संख्या लिहीत. पाऊल एक सहस्रांश मिलिमीटरचे असेल, तर पन्नास म्हणजे पन्नास पावले, अर्थात पाच शतांश मिलिमीटर. अनेक फानुक नियंत्रकांवर आजही हा अर्थ कायम आहे, आणि काहींवर तो बदलून ठेवता येतो. म्हणून एका यंत्रावर बरोबर असलेला आकडा दुसऱ्यावर हजारपट चुकतो. टूल हलले नाही, हे त्याचे भाग्यच. चूक उलट दिशेची असती, तर ते थेट चकवर आदळले असते. आम्ही त्यास म्हटले, "चूक तुझीही नाही आणि यंत्राचीही नाही. पट्टी गेली, तिची सवय राहिली. टिंब देत जा."

जपानकडे वळल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. फुजित्सू कंपनीत सेइउएमॉन इनाबा यांच्या चमूने १९५६ साली अंकीय नियंत्रण सिद्ध केले, आणि १९७२ साली तो विभाग स्वतंत्र कंपनी झाला, तीच फानुक. अमेरिकेत यंत्रे विमानांच्या मोठ्या कारखान्यांसाठी घडत होती, आणि त्यांतील शंभराहून अधिक सरकारी पैशाने बसविली गेली होती. जपानी उत्पादकांनी लहान शॉप डोळ्यांपुढे ठेवले. १९७१ साली मायक्रोप्रोसेसर बाजारात आला आणि कपाटभर नियंत्रक पेटीत मावू लागला. त्याहून महत्त्वाचे असे की, प्रोग्रॅम यंत्राच्या स्मृतीत राहू लागला, आणि यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसास तो तेथल्या तेथे दुरुस्त करता येऊ लागला. यामाझाकी कंपनीच्या 'मॅझॅट्रोल' नियंत्रकाने १९८१ साली कारागिरास आकार विचारून प्रोग्रॅम स्वतः रचण्याची सोय दिली. जे ज्ञान पट्टीबरोबर कचेरीत गेले होते, ते निम्म्या वाटेने का होईना, परत फिरले.

आपल्याकडे हा प्रवास कसा झाला? यांत्रिक हत्यारे देशातच घडावीत ही दृष्टी स्वातंत्र्यापूर्वीची. किर्लोस्करवाडीच्या परंपरेतून १९४१ साली तुंगभद्रेकाठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. तिच्या लेथवर काम शिकलेले जुने टर्नर या प्रांतात आजही भेटतात. १९५३ साली बंगळूरला एच.एम.टी. स्थापन झाली आणि १९६२ साली यांत्रिक हत्यारांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था. आजची पीण्यासारखी वसाहत त्या कारखान्यांच्या, आणि त्यांत घडलेल्या माणसांच्या, आधाराने वाढलेली आहे.

आता त्या तरुणाचे उरलेले प्रश्न. कंट्रोलर कोणता? ज्याची बोली तुला आणि तुझ्या शेजारच्या शॉपांना येते, आणि ज्याचा दुरुस्ती करणारा माणूस त्याच दिवशी येऊ शकतो, तो. जुने यंत्र? साध्या लेथच्या स्क्रूमधला प्ले कारागीर हाताने ओळखतो. चाक मागे घेऊन पुन्हा एकाच बाजूने येतो. सी.एन.सी. यंत्रात ती समज बॉल स्क्रूवर सोपविलेली आहे. तेव्हा रंग पाहू नये. तो स्क्रू, स्लाइड आणि स्पिंडल पाहावेत, डायल लावून पाहावेत. जुन्या नियंत्रकांची मापे बॅटरीच्या आधारावर स्मृतीत असतात. बॅटरी संपली की तीही जातात. म्हणून पैसे देण्याआधी त्यांची नक्कल मागून घ्यावी.

आणि हाताने प्रोग्रॅम लिहिणे? येथे आम्ही थोडा आग्रह धरला. वक्र पृष्ठभागांचे काम संगणकाने खुशाल करावे; ते त्याच्याचसाठी निर्माण झाले. परंतु संगणकाने दिलेल्या हजार ओळींत एक टिंब चुकले, तर ते ओळखणारा माणूस यंत्रापाशी हवा. ज्यास त्या ओळी वाचता येत नाहीत, तो केवळ नग चढविणारा आणि उतरविणारा राहतो. त्याचा पगारही तसाच राहतो.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे काका, ट्रॅव्हर्स सिटीतल्या त्या तिघांपैकी आकडे वाचणारा मी व्हायचे." आम्ही म्हटले, "नुसता वाचणारा नव्हे. चाकावर हात ठेवून वाचणारा." पुढच्या आठवड्यात एक जुने यंत्र पाहावयास जाताना त्याने आम्हांसही बरोबर नेले. आम्हांस त्यातले फारसे कळले नाही. तो मात्र डायल लावून तासभर त्या स्क्रूपाशी बसला होता.