फेस, वस्तरा आणि कात्रजचे पाणी

मराठी भाषेने हजामतीवर फार जीव लावला आहे. कुणी कुणाला चारचौघांत फैलावर घेतले, की त्याची बिनपाण्याने हजामत झाली असे आपण म्हणतो. काम उरकता उरकता जीव मेटाकुटीस आला, की तोंडाला फेस येतो. पैजेवर येऊन बोलणारा गृहस्थ मिशी उतरवून देण्याची भाषा करतो. आणि वैऱ्याला हूल दिली, की त्याला कात्रजचा घाट दाखवला जातो. हा शेवटचा वाक्प्रचार हजामतीतला नव्हे, हे मी जाणतो. पण मी कात्रजला राहतो आणि रोज सकाळी दाढी करतो. त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तो संबंध पाण्याचा आहे.

यंदा गणपती उठल्यावर माझा भाचा घरी आला. त्याने दाढीच्या क्रीमची एक नवी नळी माझ्या हातात ठेवली आणि मोठ्या अपूर्वाईने सांगितले, "मामा, आता ब्रशने फेस काढून दाढी करायची पद्धत परत आली आहे. डबीतला तयार फेस मागे पडला!" ज्याने आयुष्यात ब्रश कधी सोडलाच नाही, त्याला ही बातमी कशी वाटली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. चाळीस वर्षे एकाच जागी उभे राहिले, तर जग फिरून आपल्यामागे येऊन उभे राहते, एवढे मात्र त्या दिवशी पटले.

नळीवर बारीक अक्षरांत घटक छापले होते. स्टिअरिक आम्ल, खोबरेल, पोटॅशचा क्षार, ग्लिसरीन आणि चंदनाचा वास. नाव काहीही असो, क्रीम म्हणजे मऊ साबणच. सोड्याने केलेला साबण वडीसारखा घट्ट होतो, पोटॅशने केलेला लोण्यासारखा मऊ राहतो. खोबरेलामुळे फेस चटकन येतो, स्टिअरिक आम्लामुळे तो दाट होतो आणि टिकतो, आणि ग्लिसरीन त्याला सुकू देत नाही. एवढे तिघे एकत्र नांदले, की नळीचे काम झाले. पुढचे काम पाण्याचे.

आमच्या इमारतीत दोन नळ आहेत. एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा कूपनलिकेचा. पहिल्या दिवशी मी बदामाएवढे क्रीम पितळी वाटीत घेतले, ब्रश कूपनलिकेच्या पाण्यात बुडवला आणि घोटू लागलो. फेस आला, पण कसा? ताकावर येतो तसा, मोठ्या मोठ्या बुडबुड्यांचा. गालावर चढतो न चढतो तोच बसला, आणि वाटीच्या कडेला पांढुरका साका राहिला. दुसऱ्या दिवशी तेच क्रीम, तोच ब्रश, तीच वाटी. फक्त पाणी पिण्याच्या नळाचे. तीन मिनिटांत श्रीखंडासारखा फेस उभा राहिला. ब्रश उलटा धरला तरी ओघळेना.

यात जादू काही नाही. खडकातून झिरपून आलेल्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. साबण आधी त्यांच्याशी भांडतो. त्या भांडणातून जो साका होतो, तो पाण्यात विरघळत नाही. भांडून उरलेल्या साबणाचा काय तो फेस. म्हणून ज्याच्या घरी जड पाणी आहे, त्याने महागातले क्रीम आणण्याआधी तांब्याभर हलके पाणी मिळवावे. पावसाचे, तळ्याचे किंवा धरणाचे पाणी खडकाच्या सहवासात तितके राहिलेले नसते, म्हणून ते साबणाशी सलोख्याने वागते.

आणि तळ्याच्या पाण्याचा विषय निघाला, की कात्रजकराला मान ताठ करण्याचा हक्क आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचे पाणी इथे अडवून तलाव बांधला, आणि दगडी बांधणीच्या बंदिस्त नळातून ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेले. ना पंप, ना इंजिन. सगळा कारभार उताराचा. वाटेत जागोजागी उभे उच्छ्वास बांधले होते. त्यांतून नळातली कोंडलेली हवा बाहेर पडे आणि आत उतरून सफाईही करता येई. पुण्याच्या पेठांत सकाळी जे घंगाळ भरे, त्यात असे आमच्या डोंगरांवर पडलेला पाऊस असे.

त्या पुण्यात दाढी कशी होत असेल? साबणाचा पत्ता नव्हता. ओट्यावर न्हावी धोकटी उलगडून बसे. तीत वस्तरा, कातर, नराणी, चामड्याची पट्टी, हातआरसा आणि एक लहानशी वाटी. वाटीत पाणी आणि दुसरे काही नाही. ते पाणी तो बोटांनी गिऱ्हाइकाच्या गालावर लावी आणि चोळत राही. पुष्कळ वेळ चोळी. लोकांना वाटे, हा गप्पांत रमला आहे. खरे पाहता तो केस भिजवीत असे. कोरडा केस चिवट असतो; दोन-तीन मिनिटे पाणी मुरले, की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला जोर कमी लागतो. ज्याला आपण फेस म्हणतो, तो तरी दुसरे काय करतो? पाणी केसापाशी धरून ठेवतो आणि पात्याला घसरायला वाट देतो. न्हाव्याच्या बोटांनी आणि धीराने जे होई, ते आता नळीतून मिळते, इतकेच.

अशा वेळी गिऱ्हाइकाची मान मागे, डोळे मिटलेले, आणि गळ्यावर धारदार पोलाद. राजा असो की रंक, या घटकेला तो न्हाव्याच्या स्वाधीन. इतका विश्वास आपण सख्ख्या भावावरही टाकत नाही. म्हणूनच की काय, महाराष्ट्राच्या इतिहासात विश्वासाच्या दोन मोठ्या प्रसंगी या समाजातली माणसे उभी आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला, आणि पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती गेलेला शिवा काशीद. होता जिवा म्हणून वाचला शिवा, हे आपण पोरांना शिकवतो. त्यानंतर तीन वर्षांनी, १६६३च्या एप्रिलमध्ये, लाल महालात शाएस्ताखानाची बोटे तुटली. त्या रात्री बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगली फौजेला आमच्या घाटाकडे पळवले, असे परंपरा सांगते. वर सांगितलेला वाक्प्रचार तिथून आला.

पण या स्तुतीने एक गोष्ट झाकली जाऊ नये. वस्तरा न्हाव्याच्या हातात असला, तरी तो कुणावर चालवायचा आणि कुणावर नाही, हे त्याच्या हातात नव्हते. तो बलुतेदार. सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा आणि गावाने घालून दिलेल्या रिवाजाने वर्षभर राबायचे. त्या रिवाजाने त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. काहींना शिवायचे नाही, आणि काहींचे डोके, त्यांची इच्छा असो वा नसो, भादरायचेच.

पहिल्या गोष्टीची साक्ष डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. साताऱ्यात त्यांच्या लहानपणी न्हावी पुष्कळ होते आणि घरात पैसे द्यायची ऐपतही होती. पण अस्पृश्याच्या पोराला हात लावायला कुणी तयार नव्हता. भावंडांचे केस थोरली बहीण कापी. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती मुलगी येते. कातर तिच्या हाताला मोठी झाली असेल, पण तिने घरातल्या पोरांची डोकी नीटनेटकी ठेवली. गावाने जे नाकारले, ते बहिणीने दिले.

दुसऱ्या गोष्टीची साक्ष पुण्याच्या कितीतरी वाड्यांच्या माजघरांत पुरली गेली आहे. ब्राह्मणांत आणि त्यांचे पाहून इतर काही वरच्या जातींत नवरा वारला, की बायकोचे केशवपन होई. कित्येकदा ती बायको म्हणजे बाहुली खेळायच्या वयाची पोर असे. एकदा करून भागत नसे. केस वाढत, की पुन्हा न्हावी येई, आणि लाल आलवणाचा पदर पुन्हा मागे सरे. दारामागे हुंदके आणि ओट्यावर वाटीतले पाणी. त्या पाण्यात डोंगरावरचा पाऊस होता, तसे आणखीही काही मिसळत असले पाहिजे.

१८९० साली मुंबईत एक नवलाची सभा भरली. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी जमले. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. शेकडो न्हाव्यांनी तिथे निश्चय केला, की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. त्याच साली पुण्यात हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' सुरू केले, आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचकांच्या घरोघर जाऊ लागली. तिच्या नायिकेचे, यमूचे, जबरीने केलेले केशवपन वाचून मराठी घरे हळहळली. पुढे तीनच वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले. रूढी एका दिवसात गेली नाही. पण शास्त्रीपंडितांचे वाद रंगले होते, तेव्हा ज्यांच्या हातात हत्यार होते त्यांनी ते खाली ठेवले. हे त्या वादात कुणाच्या फारसे ध्यानीमनी नव्हते.

त्यानंतर यंत्र आले. १९०४ साली अमेरिकेत किंग जिलेटला त्याच्या सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले. पातळ, बदलता येणारे पाते. धार लावायला नको, हात तयार व्हायला वर्षे नकोत. १९१८च्या सुमारास अर्देशिर गोदरेजांनी जनावरांच्या चरबीऐवजी वनस्पतींच्या तेलाचा साबण काढला. चरबीच्या धास्तीने साबण उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या घरांचाही संकोच त्यामुळे सुटला. पुढे दाढीच्या साबणाच्या कांड्या आल्या, गोल वड्या आल्या, नळ्या आल्या. आरशासमोर उभा राहून माणूस स्वतःची दाढी स्वतः करू लागला. याला आपण सोय म्हणतो. पण ज्याला साताऱ्यात न्हावी मिळत नव्हता, त्याच्या दृष्टीने ही सोय नव्हती. गावाच्या परवानगीवाचून आपले तोंड नीटनेटके ठेवता येणे, ही त्याची सुटका होती. क्रीमच्या नळीवर हा घटक छापलेला नसतो.

भाच्याने मागाहून विचारले, "मामा, क्रीम कसे आहे?" मी म्हटले, "उत्तम आहे, पाणी चांगले असेल तर." ज्यांना दिवाळीत हा प्रयोग करायचा असेल, त्यांनी एक पथ्य पाळावे. नरकचतुर्दशीला तेल लावलेल्या अंगाने दाढीला बसू नये. तेलावर फेस मरतो. उटण्याने तेल निघू द्यावे, ऊन पाण्याने आंघोळ व्हावी. तोवर केस आपोआप भिजून मऊ होतो. मग बदामाएवढे क्रीम, तीन मिनिटे ब्रश, आणि शेवटी तुरटीचा खडा. एखादे ठिकाण कापले असेल, तर तुरटीने तिथले रक्त थांबते.

आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी केस कापायला दुकानात गर्दी असली, नंबर लागायला वेळ लागला, तर कुरकुर न करता बाकावर बसावे. १८९०च्या त्या सभेतल्या बहुतेकांची नावे आज कुणी घेत नाही. वाड्यातल्या विधवांचे काम म्हणजे त्यांचे बांधलेले उत्पन्न होते. दर खेपेला ठरलेले पैसे. हातावर पोट असलेल्या त्या माणसांनी ते पैसे आपण होऊन सोडले. वस्तऱ्याला धार लावायला पुष्कळांना येते. तो कुठे चालवायचा नाही, हे त्या दिवशी त्यांनी ठरवले, आणि कुण्या तरी घरातल्या मुलीच्या पाठीवर तिची वेणी राहिली.