नरसिंगमपेट्टै नागस्वरम

कुंभकोणमच्या पूर्वेस, तंजावर जिल्ह्याच्या तिरुविडैमरुदूर तालुक्यातील नरसिंगमपेट्टै या गावी जुन्या इमारती लाकडातून घडवले जाणारे सुषिरवाद्य. सनईच्या जातीचे, पण तिच्याहून लांब आणि दणदणीत. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

नळीचे लाकूड आच्चा वृक्षाचे, म्हणजे खानदेशातल्या अंजनाचे. (सह्याद्रीत जांभळा फुलतो तो अंजन निराळा.) गाभा काळपट तांबूस, पाण्यात बुडेल इतका जड. ताजे लाकूड इथे कामाचे नाही. सुकताना ते आक्रसते, पिळते, तडकते. आणि पोकळीत केसाएवढा फरक पडला तरी सूर सरकतो. म्हणून कारागीर पाडलेल्या जुन्या घरांचे खांब, तुळया, वासे विकत घेतात. कित्येक दशके छपराखाली काढलेल्या या लाकडाला जे काही वाकायचे-चिरायचे ते होऊन गेलेले असते.

खांब हाती आला की आधी खिळे उपसायचे आणि तडे हुडकायचे. मग निर्दोष भाग रेषांच्या दिशेनेच चिरतात. करवत आडवी गेली तर नळी पुढे कधीतरी उकलते. चौकोनी तुकडा चरकावर कातून गोल होतो. लांब गिरमिटाने आरपार भोक पाडून ते खालच्या टोकाकडे रुंदावत नेतात. सगळी विद्या या उतारात आहे. वर बोटांची सात भोके, खालच्या अंगाला सूर जुळवण्यासाठी आणखी पाच. त्यांतली काही वादक मेणाने बुजवतो. तोंडाचा कर्णा बहुधा शिरिषाचा.

पूर्वीच्या आखूड, उंच पट्टीच्या ‘तिमिरी’त शुद्ध मध्यम सरळ लागत नसे, तो फुंकीने सावरावा लागे. जवळच्या तिरुवावडुदुरैचे थोर वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (1898–1956) यांच्यासाठी रंगनाथन आचारी यांनी लांब, खालच्या पट्टीची ‘पारी’ घडवली आणि ही अडचण दूर केली. आज मैफलीत तीच चालते.

सिमेंटची घरे उठू लागली तशी जुनी पडत गेली आणि माल मिळत राहिला. पण नव्या घरांत अंजनाचे खांब नाहीत, त्यामुळे चांगला तुकडा मिळवणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. मानांकनाने नाव राखले जाते, लाकूड येत नाही. अंजन लावून, वेळेवर तोडून, चिरून सावलीत मुरवत ठेवण्याची सोय आताच व्हायला हवी. ते लाकूड चरकावर चढेपर्यंत कारागिरांच्या दोन पिढ्या सरतील.