आडनाव स्लाव, कायदा जर्मन

आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव सिद्ध होते. जर्मनीतील जुन्या सरदार घराण्यांत हेच काम ‘फोन’ हा शब्द करतो. ‘फोन ब्यूलो’ म्हणजे ब्यूलो गावचे. उत्तर जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग प्रदेशात या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांपैकी रेना या गावाजवळचे ब्यूलो हे या घराण्याचे मूळ स्थान होय. घराण्याचा लेखी उल्लेख १२२९ पासून आढळतो.

नाव मात्र मुळात जर्मन नाही. त्याच्या अखेरचा ‘ओव’ हा स्लाव भाषांतील प्रत्यय आहे. बर्लिनमधील पांको, ट्रेप्टो ही नावेही त्याच घडणीची. बाराव्या-तेराव्या शतकांत जर्मन वसाहती पूर्वेकडे पसरल्या, त्याआधी तेथे स्लाव लोक नांदत होते. एल्बे नदीकाठची त्यांची पोलाबी भाषा अठराव्या शतकात नामशेष झाली. नावातील शेवटचा ‘व’ आज केवळ लिहिला जातो, उच्चारला जात नाही.

या घराण्याने १८१३ मध्ये डेनेविट्झ येथे फ्रेंच सैन्याचा पराभव करणारा सेनापती फ्रीड्रिख विल्हेल्म दिला, वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’चा १८६५ मधील पहिला प्रयोग संचालित करणारा हान्स दिला, आणि १९०० ते १९०९ या काळात साम्राज्याचा चॅन्सेलर असलेला बेर्नहार्ड दिला.

कायद्याचे अभ्यासक म्हणून आम्हांला या बेर्नहार्डपाशी थांबावे लागते. त्याच्या कारकिर्दीत, १९०८ मध्ये, संघटना व सभांविषयीचा कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमाने सार्वजनिक सभांचे कामकाज जर्मन भाषेतच चालवण्याचे बंधन घातले. साठ टक्क्यांहून अधिक मूळ रहिवासी अन्यभाषक असलेल्या जिल्ह्यांना सवलत होती, तीही वीस वर्षांपुरती. रोख प्रामुख्याने पोलिश भाषकांवर होता. पोलिश ही स्लाव भाषा. म्हणजे ज्याच्या आडनावातच स्लाव प्रत्यय होता, त्याच्याच शासनाने स्लाव भाषेचे तोंड बांधले.

आम्ही सीमावासीय गावांची नावे आणि जुने शिलालेख पुरावा म्हणून मांडतो. ते मांडलेच पाहिजेत. परंतु त्यांवर विसंबून राहता येणार नाही. भाषा मेल्यावरही नाव शतकानुशतके टिकते, आणि त्या नावाचा धनी त्या भाषेच्या कुळातल्यांवरच बंदी घालू शकतो. राज्यघटनेच्या २९व्या अनुच्छेदाने भाषा जतन करण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे, गावांच्या पाट्यांना नव्हे. तो हक्क शाळेत, सभेत आणि कचेरीत रोज बजावला, तरच तो उरेल.